मागच्या झाकणातला नकाशा

(अहिल्यानगर येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आठवीत होतो. ओसरीवर व्हॉल्व्हचा एक रेडिओ उघडून ठेवला होता. आतल्या काचेच्या नळ्या बघून मी हरखलो होतो. वाटलं, सर आता त्यांच्याबद्दल काही सांगतील. सरांनी मात्र रेडिओचं पुठ्ठ्याचं मागचं झाकण उचललं आणि माझ्या हातात दिलं. त्याच्या आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता आणि त्यावर बारीक रेघांचं जाळं. सर म्हणाले, "हा या रेडिओचा नकाशा. बनवणाऱ्यानं विकतानाच दिलाय. म्हणून तर मी तो इथं बसून दुरुस्त करू शकतो."

त्या कागदाला सर्किट डायग्राम म्हणतात हे मला पुढे कळलं. नंतर मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि आयुष्यभर शिकवलं. आज सरांच्या नावानं उभं राहून बोलायचं तर त्या कागदावरच बोलायला हवं, कारण आपल्या घरात येणाऱ्या नव्या यंत्रांमधून तो नाहीसा झाला आहे. टीव्ही, स्पीकर, कॅमेरा, भिंतीवरचा स्मार्ट स्विच, यातल्या कशाच्याही झाकणात आता नकाशा नसतो. आणि समजा असता, तरी अर्धाच असता. यंत्राचं निम्मं काम आता तारांऐवजी प्रोग्रॅममध्ये चालतं आणि तो प्रोग्रॅम कुलूपबंद असतो. ज्यांनी तो कुलूपबंद ठेवला नाही, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

१९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर तशी सूचना यावी, अशी सोय त्यानं प्रोग्रॅममध्ये केली होती. पुढे नवा प्रिंटर आला. तो झेरॉक्स कंपनीचा होता आणि त्याच्याबरोबर मूळ प्रोग्रॅम मिळाला नाही. कागद तर त्याच्यातही अडकायचा, पण आता काही करता येईना. या अडवणुकीचा स्टॉलमनच्या मनावर खोल परिणाम झाला. १९८३ मध्ये त्यानं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना लिहिला. त्याचं सार असं: हा प्रोग्रॅम वापरा, उघडून बघा, बदला, इतरांना द्या, मात्र बदलून दिलात तर तुमचा बदलही उघडाच ठेवा. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स लिहायला घेतलं आणि पुढच्याच वर्षी ते याच परवान्याखाली आणलं. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच लिनक्स आहे.

नेवाशाच्या या जिल्ह्यात ही गोष्ट समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. संस्कृतात असलेली गीता ज्यांना वाचता येत नव्हती त्यांच्यापुढे ती उघडी झाली. मग हातानं नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या आणि तीनशे वर्षांत पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि पुढे कोणी यात आपल्या ओव्या घुसडू नयेत असं बजावलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात एकनाथांनी केलं तशा कामाला फार मान आहे. ते करणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. नकला करायला सगळे मोकळे असतात, पण आलेला प्रत्येक बदल पारखून घेणारा कोणीतरी लागतो. हा माणूस थकला की मोठमोठे प्रकल्प बसतात.

आता घरात येऊ. आधी दिवाणखान्यातला पडदा.

१९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याचा एक प्रकल्प सुरू केला. २००१ मध्ये त्यांनी तो जीपीएलखाली खुला केला. तोच व्हीएलसी. नारिंगी शंकूचं ते चिन्ह ओळखत नाही असा एकही मुलगा या सभागृहात नसेल. व्हीएलसी कोणतीही फाइल चालवतो, कारण जगभरातल्या माणसांनी आपापल्या अडलेल्या फाइलींसाठी त्यात भर घातली आहे. दुसरी गोष्ट कोडीची. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे बघता यावेत म्हणून काही हौशी मंडळींनी २००२ मध्ये एक प्लेअर लिहिला. पुढे तो एक्सबीएमसी झाला आणि २०१४ पासून त्याचं नाव कोडी आहे. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आला. त्यावर कोडी टाकलं की साध्या टीव्हीचं होम थिएटर होऊ लागलं.

मला मात्र या सगळ्यात जेलीफिन सर्वांत जवळचं वाटतं. एम्बी नावाचा एक प्रोग्रॅम होता. आपल्या घरातल्या फिल्म, गाणी, फोटो एका जागी ठेवायचे आणि घरातल्या कोणत्याही पडद्यावर बघायचे, हे त्याचं काम. आधी तो खुला होता. २०१८च्या अखेरीस त्याच्या मालकांनी तो बंद करायचं ठरवलं. तेव्हा वापरणाऱ्यांनी शेवटची खुली आवृत्ती घेतली आणि जेलीफिन नावानं आपला वेगळा संसार मांडला. परवाना तसा होता म्हणूनच हे शक्य झालं.

माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट आमच्याकडे होती. दाराशी सायकल उभी केल्याचा आवाजसुद्धा तिच्यात आहे. ती मी ऑडॅसिटी या मुक्त प्रोग्रॅमवर उतरवून घेतली, खरखर थोडी कमी केली आणि घरातल्या जेलीफिनवर ठेवली. बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस, गावच्या सप्ताहातली कीर्तनं, सगळं आता तिथं आहे. भाऊबीजेला बहिणी येतात तेव्हा टीव्हीवर हेच लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या घरातलं एवढंसं का होईना, आपण सांभाळलं पाहिजे. ते दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर ठेवायला मन तयार होईना. ती कंपनी उद्या काय ठरवेल, कोणास ठाऊक.

ही शंका पोकळ नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा तीनशे डॉलरचा एक डबा अमेरिकेत विकला जायचा. घरातले दिवे, कुलपं, सेन्सर तो एकत्र चालवायचा. २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टनं ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले. लोकांच्या घरात धडधाकट असलेला डबा त्या दिवसापासून निरुपयोगी झाला. एप्रिल २०२२ मध्ये अशीच यंत्रं विकणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले. मी स्वतः घेतलेला एका कंपनीचा स्विचही असाच मेला. ॲप उघडलं की नुसतं चक्र फिरायचं. स्विच मी खोलून पाहिला. आतलं सगळं शाबूत होतं, पण त्याला कोणाची आज्ञा ऐकायची हे आधीच ठरवून दिलेलं होतं आणि आज्ञा देणारा निघून गेला होता. सरांच्या त्या झाकणाची मला तेव्हा फार आठवण झाली.

आज्ञा घरातच राहील अशी वाटही आहे. पाउलस स्काउटसेन या डच तरुणानं २०१३ मध्ये होम असिस्टंट लिहायला घेतलं. सूर्यास्ताला घरातले दिवे आपोआप लागावेत, एवढीच त्याची गरज होती. पायथनमध्ये लिहिलेला तो लहानसा प्रोग्रॅम त्यानं उघडा ठेवला. कोणी त्यात आपला पंखा जोडला, कोणी पाण्याची टाकी, कोणी सौर पॅनेल. आज हजारो यंत्रांशी तो बोलतो. तो घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालतो, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी दिवा लागतो. २०२४ मध्ये हा सगळा प्रकल्प ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे दिला गेला, म्हणजे आता तो कोणाला विकत घेता येणार नाही.

पण मित्रहो, आपल्या जिल्ह्यात घराचं स्वयंचलन सूर्यास्ताच्या दिव्यापासून सुरू झालं नाही. ते विहिरीवर सुरू झालं. हिरवं आणि तांबडं बटण असलेला स्टार्टरचा डबा शेतावरच्या खोलीत नाही असा शेतकरी मी पाहिलेला नाही. आपल्याच एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोचा स्विचगियरचा कारखाना वर्षानुवर्षं चालला. २०२० मध्ये तो व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. त्या डब्याला जोडलेला 'ऑटो' हे आपल्या खेड्यांतलं पहिलं स्वयंचलित यंत्र. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते. रात्री दोनला थ्री फेज येणार असेल तर कोण जागं राहील?

ऑटोनं झोप दिली आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जाळली. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. एका डीपीवरच्या पंधरा-वीस मोटरा एकाच क्षणी उठल्या तर ट्रान्सफॉर्मरवर काय ओढवेल, हे सांगायला नको. म्हणून महावितरण सतत सांगत असतं की ऑटो काढा, कपॅसिटर लावा. आणि ऑटो निघत नाही, कारण काढणाऱ्यालाच रात्री उठावं लागतं. अकोल्याच्या उसात तर त्या वाटेवर बिबट्या असतो. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. माणसांनी गजबजलेल्या त्या शेतशिवारात बिबटे कायमचे राहतात, पिलं वाढवतात, हे त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिलं. रात्री मोटर लावायला निघालेल्या माणसाला त्याची माहिती आधीपासूनच होती.

पुण्याचे संतोष ओस्तवाल या अभियंत्यांनी आपल्या आजोबांची पंपापर्यंतची पायपीट पाहिली होती. त्यातून त्यांनी मोबाइलवरून पंप चालवणारं 'नॅनो गणेश' बनवलं. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आज बाजारात असे मोबाइल स्टार्टर कितीतरी आहेत आणि त्यांनी हजारो लोकांचे रात्रीचे हेलपाटे वाचवले आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या पायरीचं आहे.

राहुरी तालुक्यात माझे मेव्हणे शेती करतात. त्यांच्या विहिरीवर आम्ही दोघांनी एक मुक्त स्टार्टर बसवला. त्यात ईएसपी जातीची वायफाय चिप आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप २०१४ मध्ये जगभरातल्या हौशी लोकांच्या हाती आली, तेव्हा तिची माहितीपत्रकं चिनी भाषेत होती. लोकांनी आपसांत भाषांतरं करून तिचा नकाशा तयार केला. तिच्यावर चालणारा तास्मोटा हा मुक्त प्रोग्रॅम थिओ आरेंड्स या डच गृहस्थांनी लिहिला. आणि निरोपांची देवाणघेवाण होते एमक्यूटीटी या पद्धतीनं. ती १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनीसाठी तयार केली. वाळवंटातून उपग्रहामार्फत बोलायचं म्हणून तिचे निरोप अगदी तोकडे ठेवले. रेंज जेमतेम असलेल्या आपल्या शिवाराला तीच मानवली.

पहिल्या खेपेला आम्ही चुकलो. माझ्या जोडणीत चिपच्या हुकमावर चालणाऱ्या रिलेनं तांबड्या बटणाला वळसा घातला होता. एके दिवशी रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले. मोबाइलवर 'बंद' दिसत होतं आणि मोटर चालूच होती. तांबडं बटण दाबलं, तरी थांबेना. मेव्हण्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून मोटर वाचली. गावातल्या वायरमनला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं डब्यात पाहिलं आणि मला म्हणाला, "सर, तांबडं बटण सगळ्यांच्या वर पाहिजे. तुमचा मोबाइल त्याच्या खाली." त्यानं रिले बटणाच्या ओळीत घेतला आणि मध्ये एक छोटा कॉन्टॅक्टर टाकला. थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते. माझ्या नाजूक रिलेनं ती थेट चालवायचीच नव्हती. हे मी इतकी वर्षं वर्गात शिकवत होतो आणि विहिरीवर विसरलो.

मग वायरवर करंट मोजणारी चिमट्याची कॉइल बसवली. विहिरीत पाणी संपलं की मोटरचा भार हलका होतो, अँपिअर उतरतात. तेवढं कळलं की मोटर आपोआप बंद. वळवाच्या पावसात एकदा वीज कडाडली आणि बोर्ड जळाला. काहीशे रुपयांचा नवा बोर्ड आणला, जुनी फाइल त्यात टाकली, संध्याकाळपर्यंत काम सुरू.

आणि मग ती गोष्ट झाली जिच्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे. मेव्हणे म्हणाले, "भाऊजी, लाइट आल्यावर आपली मोटर जरा थांबून सुरू झाली तर?" ही सोय प्रोग्रॅममध्ये एका ओळीची होती. लाइट आली की वाट पाहायची, दर वेळी वेगवेगळी, शून्य ते दहा मिनिटं. त्याच डीपीवरच्या आणखी तिघांनी तसाच डबा लावून घेतला. चौघांचे डबे आता एकाच क्षणी उठत नाहीत. कुलूपबंद ऑटोमध्ये ही एक ओळ शेतकऱ्याला घालता येत नाही. घालायची तर कंपनीला वाटलं पाहिजे आणि कंपनीला तुमची डीपी दिसत नाही. शेजाऱ्याशी बसून ठरवायचं तर नकाशा दोघांच्याही हातात असावा लागतो.

ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० मध्ये गाळप सुरू झालं, तिथं असं एकत्र येऊन ठरवणं नवं नाही. आपण तर वीजसुद्धा सहकारी करून पाहिली. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनं चार दशकं गावागावांत वीज पोहोचवली. देशातल्या पहिल्या ग्रामीण वीज संस्थांपैकी ती एक. थकबाकी डोंगराएवढी झाली, परवाना संपला आणि २०११ मध्ये वितरण महावितरणकडे गेलं. तिच्याबद्दल बोलताना लोक शेवटचा भागच सांगतात. मला पहिला भागही आठवतो. आणि शेवटच्या भागातून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी शिकावं असंही आहे: सगळ्यांचं म्हणून जे असतं त्याचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न टाळला की ते बुडतं. जगभरातली घरं ज्या प्रोग्रॅमवर चालतात त्यांतले कित्येक आज एकदोन माणसं नोकरी सांभाळून रात्री जागून राखतात. आपण ते फुकट घेतो. निदान चूक सापडली तर कळवावी, भाषांतर करून द्यावं, जमेल तशी वर्गणी द्यावी.

भाषांतराचं काम आपल्याशिवाय कोणी करणार नाही. होम असिस्टंटला आता आवाजानं आज्ञा देता येते आणि कोणत्या वाक्याचा काय अर्थ हे स्वयंसेवकांनी भाषावार लिहिलेल्या उघड्या फाइलींत असतं. मराठीत 'लाइट लाव' म्हणजे दिवा, 'लाइट आली का' म्हणजे वीज आणि 'लाइटबिल' म्हणजे पंख्याचंही बिल. 'मोटर लाव', 'मोटर सोड', 'मोटर चालू कर' हे सगळं एकच. परक्या देशातल्या अभियंत्याला हे कसं कळावं? मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आवाज गोळा होत आहेत, आयआयटी मद्रासमधला एआयफोरभारत हा गट भारतीय भाषांसाठी खुली प्रारूपं तयार करतो आहे. त्यात पाथर्डीचा, जामखेडचा, अकोल्याचा उच्चार असला पाहिजे. मोबाइलवर वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करायची, एवढंच काम आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव, नगर इथल्या महाविद्यालयांत दर वर्षी शेवटच्या वर्षाची मुलं 'होम ऑटोमेशन' हा प्रकल्प करतात. मीही असे कित्येक तपासले. तोंडी परीक्षा झाली की बोर्ड कपाटात जातो आणि पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा पहिल्यापासून दिवा लावायला शिकतात. ते प्रकल्प परवान्यासह उघडे ठेवा. पुढच्या तुकडीनं मागच्या तुकडीच्या चुका दुरुस्त कराव्यात, एवढी एक अट घाला. पारनेरच्या सीमेपलीकडे पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातली मुलं तिथं हातानं यंत्रं बनवत शिकतात. एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथं उभी राहिली, ती त्या शिकण्याच्या जोरावर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं पिकाला पाणी किती आणि कधी द्यायचं हे सांगणारं 'फुले इरिगेशन शेड्युलर' तयार केलं आहे. ते गणित आणि विहिरीवरचा मुक्त स्टार्टर एकमेकांशी बोलू लागले तर काय होईल, यावर एखाद्या तुकडीनं काम करावं.

राळेगणसिद्धीपासून सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना पसरते आहे. दिवसा वीज मिळाली तर रात्रीचं जागरण संपेल आणि आमच्या डब्याचं निम्मं कामही संपेल. मला त्याचा आनंदच होईल.

गेल्या महिन्यात मेव्हण्यांकडे गेलो होतो. स्टार्टरच्या डब्याचं झाकण उघडलं. बसवला तेव्हा मी जोडणीचा नकाशा कागदावर काढून, प्लॅस्टिकमध्ये घालून झाकणाच्या आत चिकटवला होता. त्यावर आता वायरमनच्या निळ्या पेनानं एक रेघ खोडून दुसरी काढलेली होती. खाली तारीख आणि तीन शब्द होते: 'बी फेज बदलला'. त्याच्याखाली आणखी एक अक्षर दिसलं, पोरीचं. मेव्हण्यांची धाकटी मुलगी यंदा आयटीआयला आहे. तिनं थांबण्याची वेळ दहा मिनिटांवरून पंधरा केली होती आणि तसं लिहून ठेवलं होतं, कारण आता डीपीवर असा डबा लावणारे सातजण झालेत.